चार किलो जागा

ऋताच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात जागा लिहिलेल्या होत्या. बाईने जवळ शस्त्र बाळगायचं आणि कुणाला कळूही द्यायचं नाही, तर ते ठेवायचं कुठे, त्याच्या या सात जागा. पर्स त्यात नव्हती, कारण चोर आधी पर्सच ओढतो. ओढणीच्या टोकाची गाठ होती, पण तिच्यापुढे ‘फक्त पुण्यात’ असं लिहिलेलं होतं, कारण सिंगापुरातल्या बेडोकच्या शाळेत ओढणी घेऊन कोण जातंय? पायमोजा होता, स्कर्टच्या पट्ट्याची आतली बाजू होती, आणि पहिल्या नंबरवर, दोनदा अधोरेखित केलेला, केसांचा अंबाडा.

हे शास्त्र तिला जूनच्या सुट्टीत पुण्याच्या मैत्रेयीताईने शिकवलं होतं. मैत्रेयीताई म्हणजे स्मितामावशीची मुलगी, कॉलेजात जाणारी. तिच्याकडे मिरचीचा स्प्रे होता, दिसायला हुबेहूब लिपस्टिक. ती तो अंगावर कुठेतरी लपवायची आणि ऋताने शोधायचा. ऋताला एकदाही सापडला नाही. दोघी गादीवर पडून पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या.

आणि त्या वर्षी ऋताला पंखच फुटले होते. दुसऱ्या इयत्तेपासून सिंगापुरात वाढलेली ही मुलगी चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत वर्गात ‘प्रेझेंट’शिवाय काही बोलली नव्हती. मग शाळेच्या भाषण स्पर्धेत ती मुलींच्या सुरक्षिततेवर बोलली, पहिली आली, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप म्हणून नाही. कॅन्टीनमध्ये मैत्रिणींना तिने सातही जागा समजावून सांगितल्या, अंबाडा घालून दाखवला. एक जण नूडल्स ओढता ओढता तिथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, “नुसतं बोलतेस लाह. वस्तू आहे का तुझ्याकडे?”

ऋता म्हणाली, आहे. घरी आहे, आणीन.

नव्हती. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. असला स्प्रे सिंगापुरात परवान्याशिवाय आणता येत नाही, हे तिला माहीत होतं. भाषणाची तयारी करताना तिने ते वाचलं होतं आणि भाषणाची मजा जाते म्हणून ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं होतं. पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं तिला कुणालाही सांगता आलं असतं. स्वतःला मात्र नाही.

आता आपल्या लोकांची एक रीत आहे. पुण्या-मुंबईहून कुणीही निघालं की त्याची बॅग त्याची एकट्याची राहत नाही. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सिंगापुरातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दीप्तीमावशीचा मेसेज आला, ‘बाबा शनिवारी सकाळी पोचतायत. बॅगेत चार किलो जागा आहे. कुणाला काही हवंय का?’ दीप्तीमावशी समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची, एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिचे बाबा उत्तमराव पिंपरीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ऋताच्या आईने, सुचित्राने, सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि बहिणीला फोन लावला, दोन किलो चकलीची भाजणी पाठव. ऋताने त्याच संध्याकाळी मैत्रेयीताईला वेगळा मेसेज केला. तुझी ती लिपस्टिक भाजणीच्या पिशवीत मधोमध खुपस, आईला कळता कामा नये. मैत्रेयीताईने डोळा मारणारा चेहरा पाठवला. उत्तमआजोबांचा विचार दोघींच्याही मनात आला नाही. ते बॅग होते, दुसरं काय.

शनिवारी दुपारी भाजणी आणायला आई निघाली तेव्हा ऋता आपणहून मागे लागली. आईला नवलच वाटलं. ऋताचा बेत साधा होता, पिशवी आपण उचलायची आणि घरी पोचल्यावर डब्यात भरायलाही आपणच बसायचं.

दार दीप्तीमावशीने उघडलं. डोळे रडून सुजलेले. आत सोफ्याच्या कडेला एक किडकिडीत आजोबा ताठ बसले होते, प्रवासातला शर्ट अजून अंगावर, बूटसुद्धा पायात. टेबलावर भाजणीची पिशवी होती, उभी चिरलेली आणि वर चिकटपट्टी लावलेली.

दीप्तीमावशीने सांगितलं ते असं. चांगी विमानतळावर बाहेर पडताना बॅग मशीनमधून गेली आणि बाजूला काढली गेली. भाजणीतून लिपस्टिक निघाली आणि लिपस्टिकमधून स्प्रे. अधिकाऱ्याने विचारलं, बॅग तुम्हीच भरली का? बाबा हो म्हणाले. हे तुमचं का? तेही हो. माझी मुलगी रात्री उशिरा लॅबमधून येते, तिच्यासाठी आणलं. चार तास बसवून ठेवलं, जबाब लिहून घेतला, पासपोर्ट ठेवून घेतला. सोमवारी दहा वाजता पुन्हा बोलावलंय. खटला होईल की नुसती समज देतील, काही सांगत नाहीत.

“मी कधी मागितला होता, बाबा?” दीप्तीमावशी म्हणाली.  आजोबा आपल्या बुटांकडे पाहत होते.

ऋताच्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. आता बोलायचं, तिला वाटलं. आईचं वाक्य संपलं की. दीप्तीमावशीने पाणी आणलं की. आजोबांनी मान वर केली की. आजोबांनी मान वर केली, तिच्याकडे पाहून विचारलं, “कितवीत आहेस तू, बाळ?” तिने सांगितलं, सेकंडरी थ्री, म्हणजे नववी. “छान,” ते म्हणाले. एवढंच बोलणं झालं, आणि ऋताने भाजणीची पिशवी उचलली.

लिफ्टमध्ये आईचा पारा चढला. सरांना लपवायचं होतं तर स्वतःच्या कपड्यांत लपवायचं. आमची भाजणी फोडून तिच्यात? अधिकाऱ्यांनी पिशवीवरचं नाव वाचलं असतं तर तुझ्या बाबाच्या नोकरीचं काय? आपला इथे राहायचा पास त्या नोकरीवर आहे, कळतंय का? दिसायला किती सज्जन. ऋता लिफ्टची बटणं वाचत होती, तीन, पाच, सात. तिने मान हलवली. हो म्हणून मान हलवली, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

रात्रीच्या जेवणाला आईने चकल्या पाडल्या. भाजणी पुन्हा चाळून घेतली होती. बाबा, म्हणजे श्रीनिवास, खुसखुशीत झाल्यात म्हणाला. ऋताच्या तोंडात चकलीचा बारीक चुरा होऊन बसला, खाली जाईना.

रविवारी ईस्ट कोस्ट पार्कला मंडळाचा फराळ होता. दरवर्षीसारखाच, समुद्राकडच्या झाडांखाली चटया, डबे, सायकली भाड्याने घेऊन पळालेली पोरं. दीप्तीमावशी आली होती, कारण न आली असती तर लोक जास्त बोलले असते. आजोबा घरीच थांबले होते. ऋताची आई पाच-सहा बायकांमध्ये बसून चकल्यांचा डबा फिरवत होती, आणि डब्याबरोबर गोष्टही. हीच ती भाजणी, ऐका तर खरं. गोष्ट पहिल्या फेरीत ‘स्प्रे’ होती, तिसऱ्या फेरीला ‘हत्यार’ झाली. एकीने विचारलं, मुख्याध्यापक होते म्हणे ना? दुसरीने विचारलं, आडनाव काय त्यांचं?

आईने सांगितलं.

“अच्छा,” ती बाई म्हणाली. बस, एवढंच. आणि बाकीच्या बायकांनी चकलीकडे पाहिलं, जणू त्या एका शब्दात सगळा उलगडा झाला होता.

ऋता सिंगापुरात वाढली होती. तिला पुष्कळ गोष्टी कळत नसत, पण ते ‘अच्छा’ कळलं. आणि वर पाहिलं तर चटईच्या कडेला कागदी बशी घेऊन दीप्तीमावशी उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असला शब्द ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, इतकंच त्यावर दिसत होतं.

भाषणात ऋताचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचा. आता निघाला तो लहान मुलीचा होता.

“आई, ते माझं होतं.”

आईला वाटलं, ही चकलीबद्दल बोलतेय.

“स्प्रे माझा होता. मी मागवला. मैत्रेयीताईला मीच सांगितलं भाजणीत घाल म्हणून. आजोबांना माहीतच नव्हतं.”

आईचा हात डब्यावर थांबला. तिने आधी त्या बायकांकडे पाहिलं, मग ऋताकडे. “हळू बोल,” ती म्हणाली.

ऋताला रडू आलं ते या दोन शब्दांनी. कालपासून ती हळूच होती. हळू काय, गप्प. ती उठली, दीप्तीमावशीसमोर जाऊन उभी राहिली आणि तेच सगळं पुन्हा म्हणाली, वहीतल्या सात जागांसकट, खोडलेल्या वाक्यासकट. दीप्तीमावशीने ऐकून घेतलं. मिठी मारली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. बशी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि विचारलं, “काल तू माझ्या घरात उभी होतीस ना गं?”

ऋता हो म्हणाली.

“सोमवारी दहाला,” दीप्तीमावशी म्हणाली आणि सायकलींच्या रस्त्याने निघून गेली.

घरी काय झालं ते सांगण्यासारखं नाही. बाबा ओरडला नाही, हेच जास्त वाईट होतं. त्याने फोन लावून ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि कपाटातून सगळ्यांचे पास काढून टेबलावर एका ओळीत मांडले. आई मात्र स्मितामावशीशी फोनवर तासभर भांडली आणि फोन ठेवल्यावर चकल्यांचा अख्खा डबा केराच्या पिशवीत ओतला. मग त्याच पिशवीजवळ खाली बसली. “मी किती बोलले गं त्यांना,” ती म्हणाली, “आणि लोकांत.” पहिल्यांदाच ऋताला कळलं की तिने फक्त आजोबांना नाही, आईलाही यात ओढलं होतं. खोटं आईच्या तोंडातून बाहेर पडलं होतं, पण घातलं होतं ऋताने.

सोमवारी ती आईबाबांबरोबर शाळेच्या गणवेशात चौकशीच्या ऑफिसात गेली, वही घेऊन. खोलीत डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी ते शेवटचं पान सावकाश वाचलं. मराठी त्यांना येत नव्हतं, पण ऋताने प्रत्येक जागेपुढे छोटी छोटी चित्रं काढलेली होती, हौसेने, रंगीत पेनांनी. बाईंनी अंबाड्याच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे कशासाठी? मैत्रिणींसाठी, ऋता म्हणाली. मैत्रिणींना दाखवायला. यापेक्षा मोठं कारण असतं तर किती बरं झालं असतं. कुणी पाठलाग केला असता, कुणी त्रास दिला असता. काहीही झालेलं नव्हतं. बाईंनी तसंच लिहून घेतलं.

ऋताला आणि तिच्या आईवडिलांना कडक समज मिळाली, लेखी. आजोबांना पासपोर्ट परत मिळाला, पण खोटा जबाब दिल्याबद्दल तेही चांगली पंधरा मिनिटं बोलणी खाऊन आले. बहात्तर वर्षांचा माणूस, हात पुढे बांधून उभा, समोर त्यांच्या विद्यार्थिनीच्या वयाच्या बाई. काचेतून ऋताला सगळं दिसत होतं. तिने दुसरीकडे पाहिलं नाही. दुसरीकडे पाहायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं.

बाहेर बाबाने त्यांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. आजोबा मागे सरकले. ऋताने विचारलं, तुम्ही का हो म्हणालात?

“मुंबईला काउंटरवर विचारलं, बॅग स्वतः भरली का. सगळेच हो म्हणतात. मीही म्हणालो,” ते म्हणाले. “मी काही तुला वाचवायला खोटं बोललो नाही, बाळ. मला तर ते तुझं आहे हे माहीतही नव्हतं. पहिलं खोटं उघडं पडेल म्हणून दुसरं बोललो. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगत आलो, मग आपणच खोटं बोललो हे कबूल करायची मला लाज वाटली.”

ऋताला त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर फिटलं असतं.

महिन्याने आजोबा परत निघाले. दीप्तीमावशीने ग्रुपवर काही लिहिलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी स्वतः ऋताच्या आईला फोन केला, माझ्या बॅगेत चार किलो जागा आहे, स्मिताताईंना काही पाठवायचं असेल तर आणा. आईला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. मायलेकी एक पिशवी घेऊन गेल्या, चॉकलेटं, कॉफीची पाकिटं, मावशीच्या गुडघ्याचा पट्टा.

आजोबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी ऋताच्या हातात दिली. “उघड.”

तिने एकेक वस्तू बाहेर काढली. चॉकलेटचा खोका उघडला, आतला सोनेरी कागद उचलला. कॉफीच्या पाकिटाला वरून कात्री लावली, चमचा घालून तळापर्यंत फिरवला. पट्ट्याची घडी उलगडली, तो उलटा करून दाखवला. आई उभी राहून खाली पाहत होती. कुणी घाई केली नाही. शेवटी आजोबांनी पाकिटाला स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली आणि ऋताने सगळं परत भरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोडायला ऋताही गेली. दीप्तीमावशी ये म्हणाली नव्हती, नको येऊस असंही म्हणाली नव्हती. चांगीच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर न उचलता नेहमीचा प्रश्न विचारला, बॅग तुम्ही स्वतः भरलीत का, सर?

“नाही,” आजोबा म्हणाले.

मुलीने वर पाहिलं.

“थोडं सामान दुसऱ्यांचं आहे,” त्यांनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत सावकाश सांगितलं. “मी ते उघडून पाहिलंय. या मुलीने उघडून दाखवलं.”

काउंटरवरच्या मुलीने वाकून त्यांच्या मागे पाहिलं. मागच्या रांगेतले लोकही पाहायला लागले, दीप्तीमावशीसुद्धा. ऋताची मान खाली जायला लागली. तिने ती तशीच वर धरून ठेवली.

“हो,” ती म्हणाली. “मी दाखवलं.”