बुंदीचा मागचा डावा पाय

कुत्र्यांचीही अडथळ्यांची शर्यत असते, हे अश्लेषाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बेडसे गावचे दत्तोबा पोट धरून हसले होते. "आमची कुत्री राखण करत्यात. तुमच्यात त्यास्नी शाळा बी आसती व्हय, बाई?" अश्लेषा स्वतः तळेगावच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे शाळेवरून तिलाही हसू आलं. पण हसून झाल्यावर त्यांनी भातकापणीनंतर रिकामं पडणारं आपलं खाचर तिला सरावाला दिलं. उभी हयात बैलगाड्यांच्या नादात गेलेला माणूस तो. पळणाऱ्या जनावराला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

बुंदी म्हणजे घोरावाडी स्टेशनावर सापडलेली, तपकिरी रंगाची गावठी कुत्री. जातकुळी विचाराल तर शून्य, पण आडव्या दांडीवरून उडी अशी घ्यायची की जातिवंत कुत्र्यांच्या मालकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मग गेल्या फेब्रुवारीत, याच खाचरात, चौथी दांडी खडाडकन पडली आणि बुंदी किंचाळली. मागच्या डाव्या पायाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं.

ऑपरेशन झालं. मग पट्टा लावून पाच मिनिटं चालणं, पुढे दहा, पुढे टेकाड चढणं, पुढे जमिनीवर टेकवलेली दांडी ओलांडणं. गणिताच्या बाईंना शोभेल असं वेळापत्रक फ्रिजवर चिकटलं होतं. नऊ महिने अश्लेषाने तिला जिन्यावरून उचलून नेलं. शेवटी डॉक्टरांनी तो गुडघा सगळ्या बाजूंनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, "आता पळू द्या हिला."

पण बुंदी पळेना. दांडीपाशी आली की थबकायची, अश्लेषाच्या तोंडाकडे बघायची आणि म्हातारीने उंबरा ओलांडावा तशी पलीकडे जायची. डॉक्टरांनी तीनदा तपासून सांगितलं की दुखत नाही. अश्लेषाचा विश्वास बसला नाही. लोणावळ्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं, आज बुंदी थबकली तर नाव काढून घ्यायचं आणि दांड्या कुणाला तरी देऊन टाकायच्या. पुन्हा हा खेळ नाही.

तिने हे दत्तोबांना सांगितलं. त्यांनी खाचराच्या एका पट्ट्यावर पाणी शिंपडलं, माती सारखी केली आणि दांड्या त्यावर मांडायला लावल्या.

"गाड्याच्या बैलाचं दुखणं आमी मातीत बघतो," ते म्हणाले. "जनावर दुखणं लपवंल, माती न्हाई लपवत. पळवा."

अश्लेषा बुंदीच्या बाजूने पळाली. बुंदी थबकली, ओलांडून गेली, थबकली, ओलांडून गेली. दत्तोबा उकिडवे बसले आणि एकेका ठशात बोट घालून बघत पुढे सरकत गेले. चाळीस वर्षांचा तो सराव.

"चारी पाय सारखं रुतल्यात. डावा केसभर बी उथळ न्हाई." मग ते बाजूच्या ठशांकडे वळले, अश्लेषाच्या बुटांच्या. "आन् हे बघा. हितं टांग लांब, हितं लांब. दांडीच्या आदी दोन पावलं आखूड, टाच फिरल्याली. दर दांडीला तसंच. तुमी वळून तिच्या पायाकडं बघता, आन् ती तुमचं त्वांड बघून थांबती. कुत्री बरी हाय, बाई. लंगडता तुमी."

अश्लेषाला रागच आला. "नऊ महिने मी हिला उचलून नेलंय, आबा!"

"म्हनून तर," दत्तोबा म्हणाले.

दोघं बांधावर बसली. मग लक्ष्याची गोष्ट निघाली. लक्ष्या त्यांचा बैल. शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, पळताना त्याचा पाय मुरगळला, चार महिन्यांत बरा झाला. "पर माजाच जीव धजला न्हाई. पुना पडला तर? सात वरसं दावणीला ठिवला. जत्रंचा भोंगा वाजला की दावं वढायचा. खुटा हालायचा पार. आन् मी त्याला पेंड चारायचो." एवढं बोलून ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

अश्लेषाने नाव काढलं नाही. पंधरा दिवस ती त्या खाचरात स्वतःच शिकत होती. दत्तोबा पलीकडच्या टोकाला उभे राहायचे. "माज्या टोपीकडं बघा. कुत्रीकडं न्हाई." ते ऐकायला सोपं होतं, तिला मान आवरता आवरता घाम फुटायचा.

लोणावळ्याच्या मैदानात टोपी समोर असणार नव्हती. पट्टा सुटला आणि पहिल्या तीन उड्या अश्लेषा नुसती पुढच्या दांडीकडे बघत पळाली. चौथ्या उडीला मागे खडाडकन आवाज झाला.

तोच आवाज. तिची मान वळायला निघालीच. मागून काहीच ऐकू येत नव्हतं, ना पावलं, ना किंचाळणं. तिने दात आवळले, पाचव्या दांडीवरची नजर हलू दिली नाही आणि पाऊल आखूड पडू दिलं नाही. एवढा भित्रेपणा आणि एवढं धाडस तिने आयुष्यात एकदम कधी केलं नव्हतं. आणि मग डाव्या बाजूने एक तपकिरी झोत तिला मागे टाकून गेला. पाचवी, सहावी, बोगदा, शेवटची. बुंदीने एकदाही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पडलेल्या दांडीचे गुण गेले. चौदा कुत्र्यांत बुंदी अकरावी आली. अश्लेषा मैदानाबाहेर बसून तिच्या गळ्यात पडून रडत होती आणि बुंदी बिस्किटाचा खिसा शोधत होती.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, सोबत आलेले दत्तोबा कुठे दिसत नाहीत. ते मैदानात होते. चौथ्या दांडीपाशी उकिडवे बसून तांबड्या मातीत बोट फिरवत होते. ती जवळ गेली.

"एकसारकी हायेत गं पोरी," ते तिच्या बुटांच्या ठशांवरून हात काढत म्हणाले. "दांडी पडल्यावर बी एकसारकी."

तिने त्यांना उठायला हात दिला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.

"पळाला आस्ता गं," ते म्हणाले. "माजा लक्ष्या पळाला आस्ता."