सहा चमचे मीठ

माझ्या नवऱ्याने सुपातल्या मिऱ्यांचं कौतुक केलं आणि माझ्या मनात संशयाची पाल चुकचुकली. मी मिरी घातलीच नव्हती. डबा हातात घेतला होता, तेवढ्यात मळमळायला लागलं म्हणून तो परत ठेवला, आणि मग विसरूनच गेले. आणि हे समोर बसून म्हणतात, "आज मिरी काय झकास लागतेय गं!"

विमा कंपनीत माझं सगळं आयुष्य दाव्यांची चौकशी करण्यात गेलं. गोदामाला आग लागली, दुकान फुटलं, गाडी झाडावर आदळली, की खरं किती आणि बनाव किती ते बघायला मला पाठवायचे. त्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. खरं बोलणारा माणूस अडखळतो, वैतागतो, 'आठवत नाही हो' म्हणतो. खोटं बोलणारा न विचारता तपशील पुरवतो. नुसतं 'सूप छान झालंय' म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण यांना मिरी सुचली.

केमो सुरू झाल्यापासून माझी जीभ संपावर गेली होती. काहीही खाल्लं तरी किल्ल्यांचा जुडगा चघळतेय असं वाटायचं. गोड, खारट, आंबट, सगळ्याला एकच लोखंडाची चव. डॉक्टर म्हणाले, "आवडीचं काहीतरी करत राहा, मन प्रसन्न ठेवा." आता माझी एकुलती एक हौस म्हणजे सूप. सुट्टीच्या दिवशी मोठं पातेलं चढवायचं, भाज्या शिजवत ठेवायच्या, वास घेत घेत त्यात काय काय घालत जायचं. डॉक्टरांचं वाक्य घरच्यांनी औषधाच्या चिठ्ठीसारखं मानलं. दर रविवारी लेक गाजरं चिरून ठेवायची. यांचं चष्म्यांचं दुकान आहे. रविवारी दुपारपर्यंत उघडं असायचं ते आता बंदच राहायला लागलं. आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, आम्ही तिला अजूनही टायपिस्टच म्हणतो, ती जेवायला यायची. सलाइन लावलेलं असताना तीच माझ्या उशाशी बसायची आणि ऑफिसात कोणाचं कोणाशी वाजलं ते रंगवून सांगायची. मी हसले की सुई हलायची आणि नर्स दोघींना दटावायची. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण संशयितांच्या यादीत तीही होतीच.

कारण घर फार गुण्यागोविंदाने वागायला लागलं होतं. पूर्वी आमच्याकडे पंख्याच्या वेगावरून महाभारत व्हायचं. आता मी पंखा बंद केला तरी सगळे घाम पुसत हसत बसायचे. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी हवेचा विषय काढायचं. लेकीचा फोन टेबलावर कायम पालथा. टक्कल झाकायला मी डोक्याला हिरवा रुमाल बांधला तर तिघांनी एका सुरात सांगितलं, तुला हिरवा रंग खुलतो. मला हिरवा रंग कधीच खुललेला नाही. त्यात मी आजारी चेहऱ्याच्या काकडीसारखी दिसते.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि कुठे मुरत असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर झोप उडाली होती.

पहिल्याच दिवशी मी घरात जाहीर केलं होतं की मला आकडे नकोत, सेंटिमीटर नकोत. डॉक्टरांशी तुम्ही बोला आणि मला एका शब्दात सांगा. जन्मभर दुसऱ्यांच्या फायली उकरल्या, स्वतःची फाइल उघडायची माझ्यात हिंमत नव्हती. मधलं स्कॅन झालं तेव्हाही मी बाहेर बाकावर बसले. हे आणि लेक आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, आणि हे म्हणाले, "छान."

नेमका सुपासाठी वापरतात तोच शब्द, त्याच आवाजात. मिऱ्यांच्या दिवसापर्यंत मी त्या एका शब्दावर जगत होते. खिडकीत उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, छान आहे, छान आहे. आता मात्र एकच साक्षीदार दोन ठिकाणी तीच साक्ष देत होता, आणि सुपाच्या बाबतीत तो उघडउघड थापा मारत होता. अशा साक्षीदाराची दुसरी साक्ष मी नोकरीत कधी धरली असती का?

नुसत्या मिऱ्यांवर निकाल देणंही बरोबर नव्हतं. चुकून बोलले असतील. सवयीने बोलले असतील. मला पुरावा हवा होता.

पुढच्या रविवारी मी सुपात सहा चमचे मीठ घातलं. एरवी दोन पुरतात.

लेकीने पहिला घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गरम आहे," ती म्हणाली. टायपिस्टने पाण्याचा ग्लास संपवला, मग लेकीचाही संपवला, आणि म्हणाली, "अगं, काय चव आहे! मला कृती लिहून दे." मी यांच्याकडे बघत होते. हे शांतपणे, एकामागून एक चमचे पोटात ढकलत होते. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस! माझ्याच्याने राहवेना. "थांबा, गार झालंय, गरम करून आणते," म्हणून मी त्यांची वाटी उचलली आणि बेसिनमध्ये ओतली.

"राहू दे गं," हे मागून म्हणाले. "छान झालंय."

सगळे खाल्ल्या मिठाला जागत होते. मला मात्र हसू आलं नाही. बेसिनचा नळ सोडून मी तिथेच उभी राहिले, हात गारठेपर्यंत. पुरावा मिळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा पुरावा मिळाल्याचं मला वाईट वाटलं.

विचारायचं कोणाला? यांना विचारलं तर हे छान म्हणणार. लेक बापाकडे बघणार. टायपिस्ट विषय बदलणार. डॉक्टर तर तोंडभर हसल्याशिवाय कोणाशीच बोलत नाहीत. मग मला माझ्या नणंदेची आठवण झाली, आणि आठवण होताच नवा संशय आला. ताई इतक्या दिवसांत फिरकल्या कशा नाहीत?

ताई म्हणजे यांची थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं खाऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "शिकेल हळूहळू." अजून माझं शिकून झालेलं नाही असंच तिचं मत आहे. आमचं दोघींचं शीतयुद्ध सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. पण हे तिला रोज फोन करतात आणि तिच्यापासून काही लपवत नाहीत. मी यांना सहज विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?" हे म्हणाले, "गुडघे दुखतात तिचे. डावा जास्त. जिना चढवत नाही, त्यात डॉक्टरांनी पट्टा दिलाय तो टोचतो." पुन्हा तपशील!

हे दुकानात गेल्यावर मी ताईंना फोन लावला. म्हटलं, "रविवारी जेवायला या. आणि गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" ताई म्हणाल्या. "येते."

रविवारी मी पुन्हा सहा चमचे घातले. दाराची घंटा वाजली तेव्हा हे माझ्याआधी धावले. दारात बराच वेळ कुजबुज चालली. मी कान टवकारले, पण कुकरच्या शिट्टीने घात केला. ताई आत आल्या, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही बोलल्या नाहीत. तिथेच मला धास्ती वाटायला लागली. हिरव्या रुमालावर ताई काही बोलत नाहीत म्हणजे काय?

आम्ही चौघं बसलो, टायपिस्टला मी मुद्दाम नको म्हणून कळवलं होतं. मी ताईंची वाटी भरली. त्यांनी चमचा तोंडात घातला. हे आणि लेक खाली मान घालून बसले होते. मी ताईंच्या तोंडाकडे बघत होते.

ताईंनी घोट गिळला.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

माझ्या मुलीच्या बारशालाही जिने 'नाक आपल्याकडचं नाही' म्हणून नाक मुरडलं, ती बाई मला छान म्हणत होती. म्हणजे संपलं. मी मरणार आहे आणि हे ताईंनाही माहीत आहे.

ताईंनी दुसरा चमचा घेतला. पाणी प्यायल्या. तिसरा चमचा तोंडाजवळ नेला, तो तसाच वाटीत आपटला आणि सूप टेबलभर उडालं.

"छान कसलं डोंबलाचं!" ताई ओरडल्या. "माणसांसाठी केलंयस की लोणचं घालायचंय आमचं? किती ते मीठ!"

"ताई!" हे उठून उभे राहिले.

"ताई काय ताई? दारात दम देतोस मला, काहीही वाढलं तरी छान म्हण म्हणून! दोन महिने मला इथे येऊ दिलं नाहीस, म्हणे तू काहीतरी बोलशील. मग? बोलणारच मी! हिची जीभ गेलीय, तुमची पण गेलीय का? एकाला सांगता येत नाही, मीठ जास्त झालंय म्हणून?"

मी हसायला लागले. इतकी हसले की रुमाल सुटला आणि टक्कल उघडं पडलं, आणि ते हसणं मध्येच कधी रडण्यात गेलं ते मला समजलं नाही. लेक उठून माझ्यापाशी आली. मी तिला बाजूला केलं.

"ताई," मी म्हटलं, "स्कॅनमध्ये काय आलं?"

हे म्हणाले, "अगं, सांगितलं ना मी..."

"तुम्ही गप्प बसा. ताई, तुम्ही सांगा."

ताईंनी भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अडखळताना बघत होते.

"मला नीट सांगता नाही यायचं. आकडे लक्षात नाहीत. गाठ लहान झालीय, हे खरं आहे. पण... डॉक्टरांना वाटलं होतं तेवढी नाही झाली. आता औषध बदलायचं म्हणतात. जरा कडक देणार आहेत. आणखी काही महिने लागतील. त्याने होईल बहुतेक, असं म्हणाले. बहुतेक म्हणाले. हा मला फोनवर सांगताना रडत होता."

मला भीती वाटली, पायांच्या तळव्यांपासून वाटली. आणखी काही महिने ती सुई, तो वास, ती बादली. पण मी मरणार आहे असं तर ताई म्हणाल्या नव्हत्या. मीच इतके दिवस रोज स्वतःला मारून ठेवत होते, त्यापेक्षा हे कितीतरी कमी होतं. मग मात्र माझा राग उसळला.

"माझ्याशी खोटं बोललात तुम्ही," मी म्हटलं. "मला वाटलं माझे दिवस भरले! तुमचं ते छान ऐकून ऐकून मी रोज रात्री हिशेब करत होते, लेकीचं काय होईल आणि तुमचं काय होईल."

"तूच म्हणालीस ना, एका शब्दात सांगा?" लेक रडत रडत माझ्यावर खेकसली. किती दिवसांनी खेकसली! "छान आणि वाईट यांच्या मधला शब्द आम्हाला सापडेना. बाबा दवाखान्याच्या जिन्यात बसून शोधत होते. तू बाहेर वाट बघत होतीस. मग जो तोंडात आला तो सांगितला."

ताई उठल्या, लेकीच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "चल, टोस्ट तरी भाजू. हे सूप झाडांनाही घालू नकोस, मरतील." दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

हे टेबल पुसत होते. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते.

"राहू द्या ते," मी म्हटलं. "इकडे बसा."

हे बसले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून 'आता स्पष्ट दिसतंय की मगाशी?' असं विचारणारा हा माणूस, त्याने स्वतःचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला.

"मी बरी होईन ना?" मी विचारलं.

हा प्रश्न मी आधीही विचारला होता. दर वेळी उत्तर तयार असायचं, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत यायचं. या वेळी आलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

"मला माहीत नाही," हे म्हणाले. "मला फार भीती वाटते गं."

"मला पण," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून रडलो, पोटभर, कोणाला दिसेल याची पर्वा न करता. इतके आठवडे आम्ही एकाच घरात वेगवेगळे रडत होतो, हे नळ सोडून आणि मी उशीत तोंड खुपसून.

स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. "रडणं आटपलं असेल तर टोस्ट आणू का?"

"आणा," मी म्हटलं.

त्याची चव लोखंडाचीच लागणार होती. पण मला भूक लागली होती.