आमेनच्या अलीकडे

लकव्याने विमलाबाईंचा उजवा हात गेला, पण सुशीलला खरा घोर लागला तो आईच्या बोलण्याचा. चर्चच्या मंडळीत कोणाकडे दुखणं असो की लग्न, प्रार्थना विमलाबाईंनीच करायची. आता त्यांना पोराचं नावही घेता येत नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या दीदी म्हणाल्या, "जे रोज त्यांच्या तोंडात होतं, तेच रोज म्हणवून घ्या. घाई नका करू."

तेव्हापासून पंडरी बाजारातल्या आपल्या कापड दुकानात जायच्या आधी सुशील आईपुढे बसून प्रभूची प्रार्थना म्हणू लागला. सुरुवातीचे दिवस उत्साहात गेले, मग तगमग सुरू झाली. तो एक ओळ म्हणे, आई ओठ हलवी आणि "आ... आ..." करून अडके. त्याची नजर सारखी घड्याळाकडे जाई. आपण प्रार्थना करून राहिलो की नुसती घोकंपट्टी, हेच त्याला उमजेना. देव ऐकतो, तर एक शब्द द्यायला त्याला एवढं जड का जावं?

एका सकाळी त्याचा तोल सुटला. "आई, काहून थांबते तू? साधा शब्द आहे! म्हण ना!"

विमलाबाईंनी डाव्या हाताने पाण्याचा गिलास भिरकावला. बायबल भिजलं, चादर भिजली, सुशीलचा शर्टही. त्याची बायको स्नेहल धावत आली. तो मात्र ताडताड जिना उतरला, गाडी सुरू केली आणि फाटकापाशीच थबकला. आई चिडली होती. म्हणजे तो शब्द तिला त्याच्याहून जास्त हवा होता. आणि तिला तर असं उठून जाताही येत नव्हतं.

तो वर आला. स्नेहल बायबलची पानं टिपत होती.

"माफ कर आई. मले धीर नाही, तुलेही नाही. चल, पुन्हा बसू."

सगळी प्रार्थना पुन्हा झाली. 'आमेन' म्हणून तो थांबला. आई बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करत राहिली. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "चहा."

स्नेहल फस्सकन हसली. आईही हसली, अर्ध्याच तोंडाने. सुशीलही हसला, पण आत चुटपुट होतीच. शब्द आला, तोही भलताच!

दुसऱ्या दिवशी त्याचं मन प्रार्थनेत मुळीच नव्हतं. तरी तो बसला. आपली ओळ म्हणून झाली, आई शब्द शोधू लागली. "म्हण ना" त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून तो तसाच बसून राहिला.