आधी सांगा, मग कात्री चालवा

मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. केस कापायच्या दुकानातली. मित्रांनो, माझ्या एखाद्या बहिणीवर तुम्ही कधीतरी नक्की बसला असाल, आणि गळ्याभोवती कापड बांधले जाताना आरशातल्या कात्रीकडे चोरून पाहिलेही असेल.

वितळलेले लोखंड साच्यात ओतून माझा पाय घडवला. पाय एकच, पण हत्तीचा शोभेल असा. त्यावर गोल फिरणारे आसन, आसनावर लाल रेक्झिन आणि बाजूला पायाने दाबायची एक दांडी. दांडी दाबली की मी वर जाते आणि सोडली की सुस्कारा टाकत खाली येते. कारखान्यात मला वाटायचे की माझ्यावर एखादा राजा बसेल. प्रत्यक्षात मी आले ती एका अरुंद गल्लीत. डावीकडे घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान, उजवीकडे इस्त्रीवाला आणि मधल्या चिंचोळ्या खोलीत मी.

माझे मालक तेव्हा तरुण होते. गल्लीतली मुले त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. ते रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत. हात हलका, पण तोंड मात्र अखंड चालू. पलीकडच्या शाळेतले मास्तर रोज पेपर वाचायला यायचे. ते म्हणायचे, "याच्याकडे दाढी पाच मिनिटांची आणि गप्पा तासाच्या."

लहान मुलांसाठी काकांचा एक ठरलेला विनोद होता. माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकून मुलाला बसवायचे आणि डोळे मोठे करून म्हणायचे, "हललास तर कान माझ्या हातात येईल हं." मुले खुदकन हसत आणि गप्प बसत. विनोद जुना होता, पण चालत होता.

एके दिवशी तो चालला नाही.

एक गृहस्थ आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तिचे केस डोळ्यांवर आले होते आणि ते एका बाजूने आखूड होते. घरी कोणीतरी ती झोपली असताना कापायचा प्रयत्न केला होता. ती आली तीच कानांवर हात ठेवून. रेडिओ चालू होता आणि शेजारच्या खुर्चीवर कारागिराचे मशीन घुरघुरत होते. तरी ती माझ्यावर चढून बसली. काकांनी कापड बांधले, कात्री उचलली आणि नेहमीचे वाक्य टाकले.

ती किंचाळली. अशी किंकाळी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. फळीवरून उडी मारून गळ्यातल्या कापडासकट ती रस्त्यावर पळाली आणि वडील तिच्या मागे धावले.

दुकानात सगळ्यांनाच एकदम कंठ फुटला. कोणी म्हणाले, लाडोबा आहे. कोणी म्हणाले, डोक्याने कमी असणार. मास्तर पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "दोन ठेवून दिल्या असत्या तर सुतासारखी सरळ आली असती." काकांची कात्री मात्र अजून हवेतच होती.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ एकटे आले. काकांचे कापड धुऊन, इस्त्री करून घेऊन आले होते.

"माफ करा," ते म्हणाले. "तिला खरंच वाटलं की तुम्ही कान कापणार. काल घरी आरशासमोर दोन्ही कान धरून बसली होती."

"अहो, मी गंमत केली," काका म्हणाले.

"माहीत आहे. पण तिला शब्द जसा येतो तसाच पोचतो. त्यामागची गंमत नंतर समजते, कधी समजतच नाही. आवाज, वास, कोणाचा अचानक हात लागणं, हे आपल्याला जेवढं जाणवतं त्याच्या कितीतरी पट तिला जाणवतं. डॉक्टर त्याला ॲस्पर्जर सिंड्रोम म्हणतात. ऑटिझमचाच प्रकार आहे."

"मग बरी कधी होणार?"

"बरी व्हायला ती आजारी कुठे आहे? ती अशीच आहे. काय करणार ते आधी सांगितलं, तर तिला पुष्कळ जमतं."

काकांनी कापडाची घडी खणात ठेवली. मग म्हणाले, "दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी आणा. रेडिओ नाही, मशीन नाही, मास्तरही नाहीत."

त्या दुपारी केस कापलेच नाहीत. मुलीने आधी माझी दांडी पाहिली, मग खाली वाकून माझा पाय पाहिला. मी वर कशी जाते ते तिने विचारले आणि काकांनी तिला दांडी दाबू दिली. मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. इतकी वर्षे लोक माझ्यावर बसून आरशात स्वतःला पाहत होते. मला पाहणारी ती पहिलीच.

पुढच्या आठवड्यात तिने नुसता कात्रीचा आवाज ऐकला. त्याच्या पुढच्या आठवड्यात केस कापले गेले. काका प्रत्येक गोष्ट आधी सांगत: "आता पाणी उडवतो, गार आहे. आता मानेला कंगवा लागेल." मधेच सवयीने म्हणून गेले, "बस, एका मिनिटात झालं." मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मिनिट भरताच ती खाली उतरली. अर्धे डोके झाले होते, अर्धे बाकी होते. काकांना हसू आवरेना, पण ते म्हणाले, "चुकलं माझं, बाळ. अजून दहा मिनिटं लागतील." ती परत येऊन बसली. तेव्हापासून काका मोजून-मापून बोलायला शिकले, आणि ज्यांनी त्यांना आधी ऐकले होते त्यांना हे खरे वाटत नसे.

ती मोठी होत गेली. पुढे उघड्या दुकानातही येऊ लागली; फक्त तेवढा वेळ काका रेडिओ बंद ठेवत. ती कोणाला नमस्कार करत नसे, कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. गिऱ्हाइकांनी तिला 'राणीसरकार' असे नाव ठेवले. ऑटिझमबद्दल काहीतरी कानावर आलेल्या एकाने विचारले, "अशी मुलं गणितात जबरदस्त असतात म्हणे?"

"मला गणितात काठावर मार्क पडले," ती म्हणाली.

तिला वेड होते हाडांचे. शरीरातल्या कुठल्याही हाडाचे नाव काढले की ती तासभर बोलत असे आणि समोरचा जांभया देतो आहे हे तिच्या लक्षात येत नसे. काका मात्र जांभई देत नसत. एकदा मास्तर काकांना म्हणाले, "तुझ्या जिभेला हाड नाही रे." ती आरशात बघत म्हणाली, "कोणाच्याच जिभेला हाड नसतं. जिभेच्या मुळाशी मात्र एक असतं, घोड्याच्या नालेसारखं." मास्तरांनी पेपर खाली ठेवून आपला गळा चाचपला.

शिकून ती एक्स-रे काढायच्या कामाला लागली. ते सहज झाले नाही. पहिल्या जागी मुलाखतीत तिने नजरेला नजर दिली नाही. तेव्हा साहेब म्हणाले, जिला माणसांशी बोलता येत नाही ती रोग्यांना काय सांभाळणार? त्या आठवड्यात ती माझ्यावर येऊन बसली तेव्हा माझे हात तिने इतके घट्ट धरले होते की माझे रेक्झिन दबले. "मला माणसं आवडतात," ती काकांना म्हणाली. "ते चेहऱ्यावर कसं दाखवायचं, ते जमत नाही." दुसऱ्या इस्पितळाने तिला महिनाभर काम करून दाखवायला सांगितले, आणि ठेवून घेतले.

वर्षे गेली. माझे रेक्झिन फाटले, दांडी कुरकुरू लागली. काकाही थकले. एका सकाळी दुकान धुताना त्यांचा पाय घसरला आणि ते उजव्या मनगटावर पडले.

न्हाव्याचे मनगट, मित्रांनो. कितीतरी दिवस दुकानाचे दार उघडलेच नाही. मग ते उघडले काकांच्या मुलीने; तिला सगळे ताई म्हणत. ती मोठ्या पार्लरमध्ये काम शिकली होती. हाताला चपळ, बोलायला गोड, आणि दुकान सावरण्याची काळजी डोक्यावर. तिने भिंती रंगवल्या, चकचकीत खुर्च्या आणल्या, मोठा स्पीकर लावला. मला मागच्या खोलीत ढकलले आणि माझ्यावर टॉवेलांची चळत रचली. तिथल्या अंधारात वाटले, आपले संपले. दाराच्या फटीतून तेवढे दुकान दिसत होते.

त्या फटीतूनच मी हाडांचे वेड असलेल्या आमच्या मुलीला येताना पाहिले. तिचा नेहमीचा दिवस, नेहमीची वेळ. उंबऱ्यावर पाऊल ठेवताच स्पीकरचा आवाज आणि नव्या रंगाचा वास तिच्या अंगावर आला. काका प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, कानांवर हात ठेवले आणि वळून निघून गेली.

"बघितलंत?" ताई म्हणाली. "बाबा इथे हात मोडून बसलेत, आणि 'कसे आहात' एवढं विचारायचंही जमलं नाही."

"अशा लोकांना भावनाच नसतात," एक गिऱ्हाईक म्हणाले.

"स्पीकर बंद कर," काका म्हणाले. आवाज वर न चढवता म्हणाले, पण ताईने लगेच बंद केला.

"माझा एक्स-रे तिने काढला," काका सांगू लागले. "मला वाटलं होतं, सगळ्यांसारखं म्हणेल, काही होणार नाही. ती म्हणाली, 'काका, आता हात उलटा करायचाय. दुखेल. मी पाचपर्यंत मोजते, मग थांबेल.' दुखलं, आणि पाचला थांबलं. मी विचारलं, पुन्हा कात्री धरता येईल का? म्हणाली, 'मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा, मी तुमच्याबरोबर येते.' तिची ड्युटी संपली होती. तरी प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिली. जेवायलासुद्धा गेली नाही."

ताईच्या हातातला कंगवा थांबला. "पांढरा कोट घातलेली? दोन जागा सोडून बसली होती ती?"

"तीच."

"मी आले तशी उठून गेली. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, किती तुसडी बाई आहे."

"तू आलीस म्हणून गेली," काका म्हणाले. "मी एकटा नव्हतो ना आता."

त्या संध्याकाळी टॉवेल उचलले गेले. ताईने मला ओढत बाहेर आणले, दांडीला तेल घातले, फाटल्या जागी लाल ठिगळ शिवले. मग फोन करून तिने त्या मुलीला सुट्टीच्या दुपारी बोलावले.

ती आली तेव्हा खिडक्या उघड्या होत्या, आणि ताई कात्री न घेताच उभी होती. "तुला कशाचा त्रास होतो ते मला कळत नाही," ताई म्हणाली. "तूच सांग."

"मोठा आवाज. रंगाचा वास. मागून न सांगता लावलेला हात," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "मला तुमचा राग आला नव्हता. मी आत येऊ शकले नाही."

"आणि मी तुला नाही नाही ते बोलले."

"लोक बोलतात. ते खरं नसतं."

ती माझ्यावर बसली. ताईने विचारले, "नेहमीसारखे ना? खांद्यापर्यंत?"

"नाही. आखूड करा. कानांपर्यंत. मी ठरवलंय."

कोपऱ्यातले काका चकित झाले. "बाळ, तुला तर बदल आवडत नाही ना?"

"न सांगता केलेला आवडत नाही," ती म्हणाली. "हा मी केलाय."

ताई हसली. मग प्रत्येक गोष्ट आधी सांगत तिने केस कापले. मान मोकळी झाली तेव्हा त्या मुलीने आरशात स्वतःला बराच वेळ पाहिले, डोके एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवले आणि म्हणाली, "छान." ती उगाच छान म्हणत नाही, हे आम्हाला ठाऊक होते.

आता आमच्या दुकानात आठवड्यातून एक दुपार स्पीकर बंद असतो. कानाला यंत्र लावणारे आजोबा तेव्हा येतात, डोकेदुखीने हैराण झालेल्या एक बाई येतात, आणि मास्तरही येतात, कारण त्यांना पेपर शांततेत वाचता येतो. काकांचे प्लास्टर निघाले आहे. बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत, पण दाढी करण्यापुरती वळू लागली आहेत. चकचकीत खुर्च्यांच्या रांगेत मी ठिगळासकट उभी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यावर हजारो माणसे बसली, आणि इथे नसलेल्या माणसांविषयी ती जे बोलली ते सगळे मी ऐकले. त्यातले फारच थोडे खरे निघाले. तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यात कोणी असेल, जे तुमच्या डोळ्यांत पाहत नाही, विनोदाला हसत नाही, गर्दीत कान झाकून घेते. त्याच्याविषयी दुसऱ्या कोणाला विचारू नका. त्यालाच विचारा, साध्या शब्दांत. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. येते.