बरणीच्या कडेचे जिवाणू

प्रयोगशाळेत तिला सगळे गणितबाई म्हणत. जिवाणूंना तिने कधी हात लावला नव्हता. कोणती जात किती वेगाने वाढते, कोण कुणाचं अन्न पळवतं, हे ती समीकरणांत बसवायची आणि पुढे काय होणार ते सांगायची. बरण्या सांभाळायच्या त्या मावशींनी. तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं.

त्या वर्षी एका बरणीत तीन जाती एकत्र वाढवल्या होत्या. एका नळीने ताजं अन्न आत यायचं, दुसरीने जुनं बाहेर जायचं. गणितबाईच्या समीकरणांप्रमाणे सर्वांत मंद वाढणारी जात चाळीस दिवसांत नामशेष व्हायला हवी होती. साठाव्या दिवशी मावशींनी मोजणी बैठकीत मांडली. मंद जात होती. थोडीच, पण होती.

"बाहेरून शिरली असणार," गणितबाई म्हणाली. "मावशी, हात नीट धुतले होते ना?"

कुणीतरी खुदकन हसलं. मावशींनी वही मिटली. आठवडाभरात त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली आणि पुढे तिथूनच निवृत्त झाल्या.

नंतर आलेल्या तंत्रज्ञाने बरणीच्या मधोमध नमुने घेतले. त्यांत मंद जात सापडली नाही. शोधनिबंध छापून आला, गणितबाईचं नाव झालं.

बरणी चालूच होती. दोन वर्षांनी तिच्यात एक औषध घालून पाहिलं, तर वेगवान जाती मेल्या आणि आठ दिवसांत मंद जातीने बरणी भरून टाकली. गणितबाईने कपाटातून मावशींची वही काढली. साठाव्या दिवसाच्या पानामागे दोनच ओळी होत्या : काचेच्या कडेचा थर खरवडून पाहिला. मंद जात तिथे आहे.

ते पान तिने तेव्हा उलटलंच नव्हतं. तिच्या समीकरणांत बरणीतलं सगळं एकजीव ढवळलेलं होतं. तिने कडेला चिकटून राहणाऱ्यांसाठी समीकरणात एक पद वाढवलं. उत्तरं मावशींच्या आकड्यांजवळ येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या घरी गेली. सुनेने दार उघडलं. मावशी खुर्चीत होत्या. अर्धांगाने उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

"माझं चुकलं," गणितबाई म्हणाली. "पण कड खरवडायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"जन्मभर भांडी घासली की. चिकटलेलं नुसतं ढवळून निघत नाही." मावशींची जीभ जड झाली होती; शब्द सावकाश येत होते. "मोजणी चुकते कधीकधी, त्याचं काही नाही. पण तुम्ही हात धुतलेत का म्हणून विचारलंत, आणि तेही चारचौघांत."

गणितबाईला मान वर करवेना. "मग चारचौघांतच सांगते."

सोमवारच्या बैठकीत ती उभी राहिली. आधी ते हात धुण्याचं वाक्य तिने जसंच्या तसं उच्चारलं, मग वहीतल्या दोन ओळी वाचल्या. या वेळी कुणी हसलं नाही. निबंध तिने मागे घेतला. सुधारून लिहिला तेव्हा मावशींचं नाव आपल्या आधी घातलं आणि छापील प्रत स्वतः नेऊन दिली.

मावशींनी डाव्या हाताने पानं चाळली. आकड्यांच्या तक्त्यापाशी थांबून एकेक ओळ बोटाने तपासली.

"बरोबर उतरवलेत," त्या म्हणाल्या, आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.