हिरवा दिवा

"तुझी ताई काय करते रे?" असं कुणी विचारलं की माझा भाऊ सांगतो, "माशा मारते." सहा वर्षं हाच विनोद. आज मात्र माझ्याकडे मारायलाही एकच माशी उरली होती. माशा ठेवायची पेटी तापल्यामुळे बाकीच्या सकाळीच मेल्या होत्या, आणि मायक्रोस्कोप दुपारी चारला दुसऱ्या गटाकडे जाणार होता.

माशीचं डोकं सुईला चिकटवलेलं, पाय हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर. बिचारी चालते, चेंडू फिरतो, ती तिथेच. तिच्या मेंदूत पेशींचं एक कडं असतं. त्यात एक ठिपका उजळतो आणि माशी वळेल तसा कड्यावरून सरकतो. हेच तिचं होकायंत्र. मिट्ट काळोखातही हा ठिपका चुकत नाही, या एका वाक्यावर माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा. परीक्षकांना त्याची एक शेवटची नोंद हवी होती.

मी पडदे ओढले, दिवे घालवले, स्क्रीन झाकला. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं नुसती बसले. एरवी इतका धीर आहे कुणाला? तेव्हा दिसला, चेंडूखाली हवा सोडणाऱ्या पंपाच्या मागे मोहरीएवढा हिरवा दिवा.

त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि कापडाखाली डोकं घालून स्क्रीन पाहिला. माशी सरळ चालत होती, ठिपका मात्र सरकत सरकत पार उलट्या बाजूला गेला. पट्टी काढली, तो ताळ्यावर आला. लावली, पुन्हा भरकटला. माशी कुठे शिंकली ते कळलं. एकशे बारा माशा त्या दिव्याच्या आधाराने चालल्या आणि मी त्याला काळोख म्हणत आले. जीव नकोसा झाला.

पावणेचारला माझे मार्गदर्शक सर आत आले. "झाली ना नोंद?"

मी रडतच सगळं सांगितलं. सरांनी वाकून पट्टीवर बोट टेकवलं.

"काढ ती," ते हळूच म्हणाले. "दहा मिनिटांत उरकेल. तुला नोकरी लागायचीय अजून."

"सर, पण तो दिवा..."

"अगं, पाहिलाय मी तो. दुसऱ्या वर्षीच. तेव्हाच सांगायला हवं होतं, राहून गेलं."

मी पट्टी तशीच ठेवली आणि भरकटणाऱ्या ठिपक्याच्या नोंदीचं बटण दाबलं. आता घरी काय सांगायचं, मला खरंच सुचत नव्हतं.