न गिळलेला चहा

सिस्टरने सुई हातात घेतली होती. ती तिने परत ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं,

"काका, सकाळपासून डोकं दुखतंय का?"

"छे. ठणठणीत आहे."

"कालपासून चहा, कॉफी काही नाही ना?"

"कालपासून काय, तीस वर्षांत नाही. आमच्या घरात चहाच होत नाही. विचारा हिला."

काकूंनी मान डोलावली. ते खरंच होतं. काकांचं काम चहा चाखण्याचं. लिलावाआधी दीडशे वाट्या ओळीने मांडायच्या, चमच्याने घोट सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि पिंपात थुंकायचा. त्यांच्या एका मानेच्या हालचालीवर मालाचा भाव ठरे. कंपनीत त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे जीभसाहेब म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी काकूंनी हौसेने चहा केला, तर एक घोट घेऊन जीभसाहेब म्हणाले होते, "पाणी दोनदा उकळलंय." त्या दिवसापासून काकूंनी त्यांच्यासाठी आधण ठेवलं नाही. स्वतःचा कप त्या शेजारणीकडे जाऊन पीत.

गेले तीन महिने मात्र काका जिन्याच्या मधल्या वळणावर थांबत, छाती चोळत आणि "पित्त" म्हणत. शेवटी काकूंनी तपासणीचा हट्टच धरला. गुडघ्यांमुळे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावणं शक्य नव्हतं, म्हणून शिरेतून औषध देऊन हृदयाची चित्रं काढायची ठरली होती. चित्र स्वच्छ आलं की काकांचं पित्त खरं ठरणार होतं.

"काम काय करता, काका?"

काकांनी सांगितलं. जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

"आज गेला होतात?"

"लिलाव होता ना. साठ वाट्या उरकून आलो. पण मी थुंकतो, सिस्टर. एक थेंब आत जात नाही."

सिस्टरने औषधाची डबी बंद केली. "मग आज तपासणी नाही."

काका उठून बसले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. "तुमच्या कागदावर चहा पिऊ नये असं लिहिलंय. चाखू नये असं कुठे आहे?"

"नाहीये. चूक कागदाची आहे, तो मी बदलून घेईन. पण चहातलं कॅफीन अंगात असलं, तर ते या औषधाला कामच करू देत नाही. चित्र स्वच्छ येतं, माणूस खुशीत घरी जातो आणि आजारही त्याच्याबरोबर घरी जातो."

दारात डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. "थुंकलेल्या चहाने काय होतंय?" ते म्हणाले.

"होत नसेल, तर दोन दिवसांनी केली तरी बिघडत नाही, सर." मग ती काकांकडे वळली. "दोन दिवस वाटीला हात लावू नका. कॅफीनची रोजची सवय तुटली की डोकं धरतं. तुमचं नाही धरलं, तर तुम्ही खरे. मी माफी मागेन."

तिने आवाज चढवला नाही, की मान खाली घातली नाही. काकूंना ती फार आवडली. जीभसाहेबांच्या तोंडावर त्यांच्या जिभेबद्दल शंका घ्यायची हिंमत इतक्या वर्षांत मालकालाही झाली नव्हती, आणि काकूंनी तर केव्हाच हात टेकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका डोक्याला टॉवेल गुंडाळून अंधाऱ्या खोलीत पडले. "वारा लागला," ते म्हणाले. खिडक्या बंद होत्या. काकूंनी बाम आणून दिला.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने पुन्हा तोच प्रश्न विचारला. काकांनी भिंतीकडे पाहिलं.

"फुटतंय."

"छान," ती म्हणाली आणि सुई उचलली. जिंकल्याचा सूर कुठे नव्हता. काकूंना ती आणखी आवडली.

औषध चढलं तसा काकांचा चेहरा लाल झाला, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटू लागलं. मिनिटं मोजत सिस्टर त्यांचं मनगट धरून उभी राहिली. झाल्यावर तिने मशीनमधला चहा कागदी कपात आणून दिला. "आता प्या. औषध उतरेल आणि डोकंही."

काकांनी तोंड फिरवलं. कप स्टुलावर राहिला.

चित्रं झाल्यावर काका परत त्याच खोलीत येऊन बसले. तासाभराने डॉक्टर आले. "हृदयाची समोरची नळी बरीच अरुंद झालीय. उपाय आहे, घाबरू नका. वेळेत कळलं. परवा कदाचित दिसलं नसतं." त्यांनी पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. तिथे सिस्टर दुसऱ्याच कुणाला विचारत होती, डोकं दुखतंय का.

डॉक्टर गेले. काकांनी स्टुलावरचा गार झालेला कप उचलला आणि सवयीने सुर्रकन घोट ओढला. नजर खोलीभर पिंप शोधत फिरली. पिंप नव्हतं. त्यांनी घोट गिळला. मग दुसरा घेतला.

"कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"तळाची भुकटी. पाणी तीनदा उकळलेलं." त्यांनी कप रिकामा केला आणि ते त्याच्या तळाकडे पाहत राहिले. "तू केलेला याच्यापेक्षा पुष्कळ बरा होता."

काकूंनी त्यांच्या हातातून कप घेतला.

"दोनदाच उकळलं होतं," त्या म्हणाल्या.